बेसमेंटमधलं नावार

माझ्या सासऱ्यांना स्वतःच्या नातीची इयत्ता आठवत नसे, पण सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्या राजाची दुसरी बायको कुणाची कोण, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगत. कॅनडात विंडसरच्या त्यांच्या घरी गेलं की जेवणाआधी बेसमेंटमध्ये एक फेरी ठरलेली असे. इतर लोक जिथे टीव्ही लावतात, त्या भिंतीवर त्यांनी चार्टपेपर चिकटवले होते. एकेका कागदावर एकेक घराणं. फ्रान्स, कॅस्टील, ॲरागॉन, बर्गंडी आणि मधोमध त्यांचं लाडकं नावार. मुलगे निळ्या शाईत, मुली लाल शाईत आणि लहानपणीच गेलेली मुलं पेन्सिलने, म्हणजे जागा कमी पडली तर खोडता येतील. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले होते. त्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

साठचं दशक संपता संपता ते नागपूरहून विंडसरला आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या एका मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांच्या शेजारी एक क्रोएशियन फोरमन बसायचा. त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की आमचंही राज्य होतं, राजा बिनवारस गेला, शेजारचा राजा आला, आमचा मुकुट डोक्यावर घालून बसला आणि मग आम्ही शेकडो वर्षं दुसऱ्यांचेच. सासऱ्यांच्या डोक्यात किडा शिरला तो तेव्हा. निवृत्तीनंतर त्याला मोकळं रान मिळालं आणि लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं घरी येऊ लागली. पेशव्यांवर बोलायला मंडळात दहा जण उभे राहतात, पण युरोपातली चिमुकली राज्यं आणि त्यांच्या गादीची भांडणं यांवर आपल्याइतकं बोलू शकणारा मराठी माणूस सबंध ऑन्टारिओत नाही, असं ते म्हणत. ते खरंच होतं. बोलू शकणारा दुसरा नव्हता आणि ऐकू शकणारा एकही नव्हता. एका कोजागिरीला त्यांनी भाषण केलं. आटवलेल्या दुधावर जाड साय धरली, दोन डॉक्टर खुर्चीतच घोरू लागले, तरी बर्गंडी यायचंच होतं.

नावारची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तीच माझ्या माहेरची वाटते. स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या डोंगरात नावार नावाचं एक छोटंसं राज्य होतं. फ्रान्सच्या एका राजाकडे ते आईकडून आलं होतं. हा राजा ऐन तरुणपणी मेला. मागे पहिल्या बायकोची एक लहान मुलगी आणि दुसरी बायको गरोदर. सगळा दरबार तिच्या पोटाकडे बघत बसला. मुलगा झाला, जन्मतःच राजा झाला आणि आठवडाभराच्या आत गेलाही. आमच्या भिंतीवर तो पेन्सिलने होता. आता राहिली ती लाल शाईतली मुलगी. तेवढ्यात तिचा काका पुढे आला. गादीच्या गोष्टीत काका पुढे आला की काय होतं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. या काकाने मारलं वगैरे नाही, तो शिकलेला होता. त्याने सरदार जमवले, विद्वान जमवले, आणि फ्रान्सच्या गादीवर बाईला बसता येत नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. शिवाय मुलगी खरंच राजाची का, अशी कुजबुज होतीच. झालं, काका गादीवर.

इथे सासरे थांबत. गॅरेजमध्ये गाडी लावताना जसे थांबायचे तसे, हलकेच. मग म्हणत, पुढे ऐका. काही वर्षांत काकाही गेला. त्याला मुलीच! स्वतः केलेल्या नियमाने त्या बाहेर. त्याचा धाकटा भाऊ बसला, त्यालाही मुलीच. त्याही बाहेर. शेवटी घराणंच खुंटलं आणि एक चुलतभाऊ आयत्या पिठावर रेघोट्या मारायला आला. इकडे नावारच्या लोकांनी मात्र सांगून टाकलं की तुमचे नियम तुमच्या घरी, आमची राणी ती मुलगीच. ती तोवर मोठी झाली होती, लग्न झालं होतं. नावारची रीत अशी की नव्या राजाला ढालीवर उभं करून सरदारांनी उचलायचं. तसं तिला उचललं. नवऱ्यालाही उचललं, पण बायकोच्या हक्काने. हे सांगताना सासरे मांडीवर थाप मारत आणि फ्रेंचांना दोन भाषांत मूर्ख म्हणत.

हा माणूस घरातल्या कुठल्याच लाल शाईकडे कधी बघत नसे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तोपर्यंत मी त्यांना उदारमतवादी समजत होते.

त्यांच्या पोटची लाल शाई एकच होती, माझी नणंद. माझ्या नवऱ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. फार्मसिस्ट. तिचं लग्न सासऱ्यांनीच पत्रिका, शिक्षण, घराणं सगळं जुळवून टोरोन्टोतल्या एका मुलाशी लावून दिलं होतं. सगळं जुळलं, ती दोघं सोडून. घटस्फोट झाला आणि ताई विंडसरला आईवडिलांकडे राहायला आली. सासूबाईंचे गुडघे गेले होते. डॉक्टरकडे ताई, ग्रोसरीला ताई, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला ताई. आणि नवरात्रात घट बसवायला ताई.

घट म्हणजे आमच्या घरात चेष्टा नाही. माहूरची रेणुका आमची कुळदेवी. सासूबाईंनी नागपूरहून येताना चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देवांचे टाक, तळहातावर मावतील एवढे, पदराच्या गाठीत बांधून आणले होते. नऊ दिवस मातीत धान्य पेरून वर घट ठेवायचा, रोज एक फुलांची माळ, आणि दिवा अखंड. लाकडी घरात नऊ दिवस-रात्र जळता दिवा ठेवणं म्हणजे अग्निशामक दलाला आमंत्रणच, म्हणून सासूबाईंनी पहिल्या वर्षापासून देवांना बेसमेंटमध्ये कार्पेट नसलेल्या कोपऱ्यात, सिमेंटच्या फरशीवर बसवलं, वॉशर-ड्रायरच्या शेजारी. गार्डन सेंटरच्या पिशवीतली माती, ऑक्टोबरच्या पहिल्या थंडीने काळे पडायच्या आत तोडून ठेवलेले झेंडू, फार्मसीतून रात्रपाळी करून आलेली ताई जमिनीवर गादी टाकून दिव्यापाशी झोपलेली. एका भिंतीवर फ्रान्सचे राजे आणि दुसऱ्या भिंतीला रेणुका. ताईच्या घटाचं धान्य हातभर उंच यायचं. विंडसरची आठ-दहा मराठी घरं, शिवाय पलीकडे अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून पासपोर्ट दाखवून नदीखालच्या बोगद्यातून येणारी दोन कुटुंबं, सगळी आरतीला येत.

कामाला ताईचं काही वावडं नव्हतं, हे लक्षात घ्या. ती परत आल्यावर कुणी तिचं गोत्र विचारलं नाही. विचारलं ते सासूबाई गेल्यावर.

सासूबाई एका जानेवारीत गेल्या. जुलैच्या लाँग वीकेंडला आम्ही आमच्या घरून, टोरोन्टोजवळच्या मिसिसागाहून गेलो तेव्हा सासऱ्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं. भिंतीवर नवा कागद होता. या खेपेला आमचंच घराणं होतं. खापरपणजोबांपासून निळ्या रेषा उतरत उतरत माझ्या नवऱ्यापर्यंत आल्या होत्या. शेजारी ताई लाल, खाली माझी मुलगी लाल. नवऱ्यापासून एक लांबलचक निळी रेष भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन नागपूरच्या एका चुलतभावाच्या मुलाला मिळाली होती. त्या मुलाला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. तो तेव्हा बहुधा सायकल शिकत असेल.

सासऱ्यांनी सांगितलं की देव यंदापासून मिसिसागाला जातील. कुळाचार मुलाकडेच जातो. मुलगी लग्नात दुसऱ्या गोत्रात गेली की गेली, आणि घटस्फोट कोर्ट देतं, गोत्र कोर्ट परत देत नाही. त्यांचा आवाज मोठा होता, कारखान्यात यंत्रांवर मात करून बोलायची सवय. इथली दुकानं पावती नसली तरी माल परत घेतात, पण आमचं भारद्वाज गोत्र एकदा दारातून बाहेर गेलेली मुलगी परत घेत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी पुण्याची. मला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, बाबा, हे तर अगदी फ्रान्स झालं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की तो इतिहास आहे, हा कुळाचार आहे. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मूग गिळून कार्पेट बघत होता. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला गादी मिळत असली की तो नेहमी असाच कार्पेट बघतो. खरं तर त्याला देव नको होते, मलाही नको होते. नऊ दिवसांच्या दिव्याची आणि सोवळ्याची जबाबदारी अखेर कुणाच्या गळ्यात पडते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्याला वडिलांना नाही म्हणायचं नव्हतं, आणि बहिणीचं आहे ते घेऊ नये असंही त्याला वाटलं नाही. त्या वाटण्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर अजून आलेलं नव्हतं.

माझी मुलगी कागदाजवळ गेली आणि आपल्या नावावर बोट ठेवलं. "आजोबा, व्हेअर डज माय लाइन गो?"

"तुझी रेष तुझ्या नवऱ्याच्या घरी जाईल, बाळ."

"आय ॲम ट्वेल्व्ह."

एवढं बोलून ती वर टीव्ही बघायला निघून गेली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी पुढचे दोन दिवस तिला भांडी घासायला सांगितली नाहीत.

ताई तोवर कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिने खाली ठेवला.

"बाबा, इतकी वर्षं आईचे घट कोण बसवत होतं?"

"तू मदत करत होतीस आईला," सासरे म्हणाले.

ताईने टॉवेल उचलून त्याची घडी पुरी केली. मदत. सासूबाईंना शेवटची काही वर्षं तो जिनाही उतरता येत नव्हता. त्या वरच्या सोफ्यावरून ओरडून माळ कुठवर आली ते विचारायच्या. त्या शब्दाने मला असा संताप आला की रात्रीच्या जेवणात मी सासऱ्यांना दुसऱ्यांदा भात वाढला नाही. सुनेच्या हातात असतं ते एवढंच.

सप्टेंबरमध्ये ताईने टाक टूथपेस्टने घासून लख्ख केले, मऊ फ्लॅनेलमध्ये गुंडाळले आणि आमच्या गाडीत माझ्या मांडीवर ठेवले. वर एक बरणीभर झेंडूच्या बिया दिल्या. मी रडेन असं वाटत होतं, पण ती इतकी नीट वागली की मला रडायला जागाच मिळाली नाही. ती कमी नीट वागली असती तर बरं झालं असतं, असं मी मनात म्हटलं.

आणि मग मिसिसागात आमचं राज्य सुरू झालं. टाउनहाउसचं बेसमेंट भाड्याने दिलेलं होतं, त्यामुळे देव दिवाणखान्यात फायरप्लेससमोर बसले. सासरे देखरेखीला आठवडाभर राहायला आले. त्यांनी आल्याआल्या स्मोक अलार्म काढायला लावला. मी तो परत लावला. पहिल्या रात्रीच दिव्याने तो वाजवला. भाडेकरू, एक बिचारा पंजाबी विद्यार्थी, पायजम्यावर ड्राइव्हवेत जाऊन उभा राहिला आणि "आंटी, सब ठीक है?" असं काचेतून विचारू लागला. अखेर स्वयंपाकघरातला पंखा दिवसरात्र चालू ठेवून तडजोड झाली. मातीत मी घाईत पांढऱ्या दाण्यांचं पॉटिंग मिक्स टाकलं होतं. त्यात धान्य उगवलं, पण न्हाव्याने अर्ध्यात सोडल्यासारखं एका बाजूला. सासऱ्यांनी ते पाहून नावारचा उल्लेख केला नाही, यावरून ते किती नाराज होते ते कळावं.

माझा नवरा, घराण्याचा वारस, सकाळी सोवळं नेसून माळ चढवायचा आणि त्यातच कॉन्फरन्स कॉल घ्यायचा. आरतीला आम्ही चार जण. मुलीची टेस्ट असली की तीन. मी शेजारच्या दोन-चार मराठी बायकांना बोलावलं. त्या आल्या, फोटो काढले, साबुदाण्याची खिचडी छान झाली म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी काही ना काही बसलेलंच होतं. सासरे रोज संध्याकाळी दारापाशी खुर्ची घेऊन बसत. विंडसरला आरतीच्या वेळी बुटांनी दालन भरायचं, तसं इथे भरेल अशी त्यांची समजूत असावी. आमच्याच बुटांच्या चार जोड्या, आणि त्यातल्या दोन माझ्या.

चौथ्या माळेला त्यांच्या एका जुन्या मित्राचा विंडसरहून फोन आला. हे मित्र निवृत्त डॉक्टर, सत्तरच्या दशकापासूनची दोस्ती. सासरे बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी फोन ठेवला आणि मला विचारलं की ताईने घट बसवलेत हे मला माहीत होतं का. नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते असं की बेसमेंटमध्ये नेहमीच्या जागी नेहमीचा घट आहे. टाक नाहीत म्हणून विड्याच्या पानावर सुपारी ठेवली आहे. धान्य हातभर आलं आहे, आणि आरतीला रोज सगळी मंडळी येतात, डेट्रॉइटची दोन कुटुंबंही. डॉक्टरांना वाटलं होतं की सासऱ्यांच्याच सांगण्यावरून हे चाललंय. त्यांनी अभिनंदन करायला फोन केला होता.

मी स्वयंपाकघरात गेले आणि पंख्याच्या आवाजात मनसोक्त हसले. चांदीचे देव आमच्याकडे, गादी आमच्याकडे, गोत्र आमच्याकडे, आणि लोक सगळे तिकडे सुपारीपुढे. नावारने आपली राणी निवडली होती. कुणाला ढालीवर उचलायचीही गरज पडली नाही.

सासऱ्यांनी रात्री जेवण केलं नाही, उपासाचंही नाही. दुसऱ्या दिवशी ललितापंचमी होती आणि कॅनडातल्या थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडचा शनिवार. सकाळी ते अंघोळ करून, स्वेटर घालून हजर झाले आणि म्हणाले की मला विंडसरला सोड, देव घेऊन. मी विचारलं, कशासाठी. म्हणाले, खरे देव असताना सुपारी कशाला, ते तिथे नेऊन ठेवू.

मला वाटलं, जिंकली ताई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ओढणीने हात पुसले आणि टाक उचलायला वाकणार तोच माझ्या नवऱ्याने, ज्याने गेले तीन महिने कुठल्याही विषयावर मत दिलं नव्हतं, तोंड उघडलं. तो म्हणाला, "बाबा, देव घटी बसलेत. नवमीपर्यंत हलवत नाहीत. तुम्हीच सांगितलंत."

ते खरं होतं. नऊ दिवस देवांना जागेवरून हलवायचं नाही, नेहमीची पूजासुद्धा त्यांना न उचलता करायची. हे सासऱ्यांनीच पहिल्या दिवशी आम्हाला दोनदा बजावलं होतं, कारण मी टाकांखालचं कापड सारखं करायला गेले होते. आता ते टाकांकडे बघत उभे राहिले. माझ्या मनात आलं की एकदा तरी हा माणूस नियम मोडेल. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला आणि म्हणाले, चल, तसंच जाऊ.

घरात दिवा असताना घर रिकामं सोडता येत नाही. म्हणून वारसाला दिव्यापाशी पहाऱ्याला बसवून आजोबा, नात आणि मी असे तिघं निघालो. ४०१ हायवेवर लाँग वीकेंडची गर्दी होती. निम्म्या वाटेवरचं ऑन्टारिओतलं लंडन मागे पडलं. त्यानंतर सासरे एकदाच बोलले. तू पुण्याची, तुला काय वाटतं, तिने मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? मी म्हटलं, हो, म्हटलं असतं. त्यावर ते खिडकीबाहेर मक्याची कापलेली शेतं बघत बसले. मला त्यांची दया आली, पण थोडीच. मागच्या सीटवर लेक कानात इअरफोन घालून झोपली होती.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दालन बुटांनी भरलेलं. बेल वाजवावी लागली, कारण सासरे स्वतःच्या घराची किल्ली मिसिसागाला विसरले होते. डॉक्टरांच्या बायकोने दार उघडलं आणि खाली चला, आत्ताच सुरू होतंय, म्हणाल्या. जिना उतरताना सासरे कठडा धरून सावकाश उतरले. खाली मंडळी चटयांवर बसली होती. फ्रान्सच्या राजांच्या भिंतीला टेकून डेट्रॉइटच्या आजी पाय पसरून बसल्या होत्या. आमच्या घराण्याचा नवा कागद मात्र भिंतीवर नव्हता. त्याच्या चारी कोपऱ्यांच्या टेपचे तुकडे तेवढे राहिले होते.

ललितापंचमीचं कुंकुमार्चन होतं. ताई हिरवी साडी नेसून घटासमोर बसली होती. आम्हाला पाहून तिने मान हलवली, उठली नाही, पूजेतून उठत नाहीतच. लोकांनी सरकून सासऱ्यांना खुर्ची दिली. माझी लेक न सांगता आत्याच्या शेजारी जाऊन बसली. ताईने हातात पाणी घेतलं आणि संकल्प म्हणायला सुरुवात केली. देश, काळ, वार, नक्षत्र, आणि मग गोत्र. तिथे ती म्हणाली, काश्यप.

बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. अर्ध्या लोकांना संकल्पातलं एक अक्षर कळत नाही आणि बाकीच्यांचं लक्ष खालच्या फ्रिजमधल्या बासुंदीकडे होतं. पण ज्या माणसाने निम्म्या युरोपाच्या पिढ्या तोंडपाठ केल्या, तो घरातलं गोत्र चुकलेलं ऐकल्याशिवाय राहणार नव्हता. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. हजार नावं होईपर्यंत, आरती होईपर्यंत, मंत्रपुष्पांजली होईपर्यंत ते तसेच बसले.

मग ताई तीर्थाची वाटी घेऊन एकेकापुढे येऊ लागली. सासऱ्यांपाशी आली.

"काश्यप कुणाचं गोत्र?" त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"ज्यांना गोत्र नसतं त्यांचं," ताई म्हणाली. "तुम्हीच लहानपणी सांगितलं होतंत, माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. तिकडचं मी सोडलं, आणि तुमचं मला परत मिळालं नाही."

ती चिडून म्हणाली असती तर त्यांना बोलता आलं असतं. ती औषधाची मात्रा समजावून सांगावी तशी बोलली.

"भारद्वाज म्हणायचं होतंस," ते म्हणाले.

"मग मोठ्याने सांगा, बाबा. सगळे इथेच आहेत."

डॉक्टरांनी हातातलं तबक खाली ठेवलं. मी माझ्या मनात त्यांना ओरडून सांगत होते की बोला, एक शब्द, कारखाना दणाणून सोडणारा तो आवाज आता तरी काढा. त्यांनी भोवती पाहिलं. तीस वर्षांचे ओळखीचे चेहरे त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले.

"उद्या बोलू," ते म्हणाले.

"बरं," ताई म्हणाली. त्यांचा हात नुसताच मांडीवर पडला होता. तिने तो आपल्या हाताने उलटा केला, तळव्यावर तीर्थ घातलं आणि पुढच्या माणसाकडे वळली.